रक्तात नव्हे, मेस्त्रीच्या शाळेत

जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम असो, गोव्यातला एखादा महोत्सव असो किंवा मुंबईतल्या जॅझच्या दिवसांची आठवण काढणारी गप्पांची मैफल असो, निवेदकाच्या तोंडून एक वाक्य हमखास येते: गोवेकरांच्या तर रक्तातच संगीत! टाळ्या पडतात, मागे बसलेला सॅक्सोफोनवाला संकोचून हसतो आणि पुढचे गाणे सुरू होते. वाक्य कौतुकाचे आहे आणि म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, हेही खरे. तरी ते चुकीचे आहे. आणि नुसते चुकीचे असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते, पण ते आपल्याला महागात पडलेले वाक्य आहे असे माझे मत आहे. मुंबईच्या जॅझ वाद्यवृंदांत साधारण १९३५ ते १९६५ या काळात जे लोक वाजवत होते ते कुठून आले, कुणाकडे शिकले, त्यांचे पोट कशावर चालत होते आणि पुढे ते कुठे गेले, एवढे जरी नीट पाहिले तरी रक्ताची ही उपपत्ती टिकत नाही.

आधी त्या व्यासपीठांवर कोण कोण बसले होते ते पाहू. ताजमहाल हॉटेलात १९३९ पासून जवळपास दोन दशके ज्यांचा बँड वाजत होता ते मिकी कोरिया मूळ गोव्याचे, पण जन्मले आफ्रिकेत मोम्बासाला आणि वाढले कराचीत. सॅक्सोफोनवर ज्यांच्या नावाचा दबदबा होता ते रूडी कॉटन म्हणजे जन्मनावाने कावसजी खटाव, अस्सल पारशी. कावस लॉर्ड हेही पारशीच. बाँगो-कोंगा यांसारखी लॅटिन अमेरिकन तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढच्या पिढीतले मनोहारी सिंग नेपाळी वंशाचे, कोलकात्याजवळ बाटानगरच्या बूट कारखान्याच्या ब्रास बँडमध्ये तयार झालेले. पियानोवादक लुई बँक्स दार्जिलिंगचे, घराणे नेपाळीच, वडील जॉर्ज बँक्स ट्रंपेटवादक. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट गोव्यात बार्देशातल्या हळदोण्याचे, खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. फ्रँक फर्नांड कुडचड्याचे. सबॅस्टियन डिसूझा रेईस मागूशचे, पण फाळणीपर्यंत लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे. गोवेकर बहुसंख्य होते यात वाद नाही. परंतु पारशी, नेपाळी आणि गोवेकर यांच्यात रक्ताचे कोणते नाते होते? त्यांच्यात समान होते ते एवढेच, की लहानपणी कुणीतरी त्यांच्या हातात वाद्य दिले होते आणि ते वाजवायला शिकवणारे माणूस रोज हजर होते. ते माणूस कुणाच्या घरातले होते, कुणाला कारखान्याच्या बँडमध्ये भेटले, आणि गोव्यातल्या मुलांना ते गावच्या चर्चमध्ये भेटले.

गोव्यातली चर्चला जोडलेली शाळा, म्हणजे एस्कोला पारोकियाल, ही सोळाव्या शतकापासूनची व्यवस्था. तिथे धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि संगीत शिकवले जाई, आणि शिकवणारा असे गावचा मेस्त्री. मराठीत मेस्त्री म्हटले की रंधा किंवा थापी हातात असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. दोन्ही मेस्त्री मूळच्या त्याच पोर्तुगीज मेस्त्रचे वंशज आहेत, आणि दोघांचेही काम हातांना वळण लावण्याचेच. हा मेस्त्री आधी मुलाला वाद्याला हात लावू देत नसे. महिनोन् महिने सोल्फेज चाले: समोर पाच रेघांचा कागद, एका हाताने ताल मोजायचा आणि तोंडाने डो, रे, मी म्हणत कागदावरचे टिपके वाचायचे. वाचन पक्के झाले की मग वायोलिन, ज्याला तिथे रेबेक म्हणतात, किंवा क्लॅरिनेट, किंवा ट्रंपेट. शिकलेले लगेच वापरायला जागाही होती. रविवारची मिसा, घरोघरच्या लदिनी म्हणजे सामूहिक प्रार्थना, गावचे फेस्त, लग्न, मयत, या प्रत्येक ठिकाणी वाजवणारे लागत, आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसून दुसऱ्या वायोलिनचा भाग वाजवू लागे. मेस्त्रीचा पगार चर्चच्या तिजोरीतून जाई. ज्याच्या घरी वाद्य विकत घेण्याची ऐपत नव्हती त्या मुलालाही पाच रेघा वाचता येऊ लागल्या त्या या व्यवस्थेमुळे. चिक चॉकलेट अशाच शाळेत शिकले. वायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांना तर माजोर्ड्यात वडीलच गुरू मिळाले, कारण तेच चर्चच्या गायनवृंदाचे मेस्त्री होते. तेव्हा वारसा होताच, पण तो शिकवण्याचा.

या शाळेचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवण्याचे कारण नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेने गावच्या पोराला वायोलिन दिले, त्याच सत्तेच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, १७३६ च्या फर्मानाने नवख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नांतली देशी वाद्ये आणि ओव्या बंद करण्याचा प्रयत्न केला होता. एका हाताने हिरावून दुसऱ्या हाताने दिलेली ही देणगी होती, आणि ती देण्यामागे मुलांचा विकास वगैरे हेतू नव्हता. चर्चला उपासनेसाठी गाणारे-वाजवणारे हवे होते. शिवाय त्या शाळेतून व्यावसायिक वादक होऊन बाहेर पडले ते जवळजवळ सगळे मुलगे. मुंबईच्या जॅझमध्ये लॉर्नासारखी गायिका किंवा लुसिला पाशेको यांच्यासारखी पियानोवादक भेटते, पण ट्रंपेटच्या रांगेत बाई दिसत नाही. हे सगळे मान्य करूनही मुख्य मुद्दा हलत नाही, उलट पक्का होतो. हेतू काहीही असो, गावोगाव पगारी शिक्षक नेमून पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलेखन शिकवले की काय होते, याचा हा चारशे वर्षे चाललेला प्रयोग आहे आणि त्याचा निकाल आपल्या कानांवर रोज पडतो.

जॅझच्या जन्मभूमीतही गोष्ट वेगळी नाही. काळ्या माणसाच्या अंगातच ताल असतो, असे गोरे अमेरिकी कौतुकाने म्हणत आले; आपल्या निवेदकाच्या वाक्याचे ते सख्खे भावंड. लुई आर्मस्ट्राँगला १९१२ च्या वर्षाखेरीला न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर पिस्तूल झाडल्याबद्दल पकडून काळ्या मुलांच्या सुधारगृहात धाडले गेले, आणि तिथल्या बँडमध्ये पीटर डेव्हिस या शिक्षकाच्या हाताखाली तो कॉर्नेट वाजवायला नीट शिकला. जिमी लन्सफर्ड मेम्फिसच्या एका सार्वजनिक शाळेत शिकवत होता. त्याच्या गाजलेल्या वाद्यवृंदाची सुरुवात त्या शाळेतल्या मुलांच्या बँडपासून झाली. शिकागोत वॉल्टर डायेट या सरकारी शाळेतल्या बँडमास्तरांच्या हाताखालून नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जॉनी ग्रिफिन अशी नावे बाहेर पडली. एकाच मास्तरांकडून! त्यांच्याकडे शिकलेल्या शेकडो मुलांचे रक्त काही निराळे नव्हते; शहराच्या त्या भागात शाळेला बँडची खोली होती आणि मास्तर खडूस होते. चिक चॉकलेटना लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ट्रंपेट आणि घोगरा आवाज यांच्यावरून ही तुलना होत असे. पण दोघेही वाद्य नीट शिकले ते दुसऱ्याच्या पैशाने चाललेल्या संस्थेत, हे साम्य मला अधिक महत्त्वाचे वाटते.

शाळेने सगळे दिले असे मात्र नाही. चर्चची शाळा वाचायला शिकवत होती आणि जॅझ म्हणजे कागद बाजूला ठेवून वाजवणे. गोव्याहून आलेल्या अनेक वादकांना समोरचा कागद बिनचूक वाजवता येई, पण बत्तीस मात्रा मोकळ्या सोडून कुणी मान हलवून खूण केली की काय वाजवायचे हा प्रश्न पडे. ते शिक्षण मुंबईत झाले, नोकरीवर झाले. १९३५ साली लिऑन ॲबी हा वायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकी बँड घेऊन ताजमध्ये आला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड इथे रमले. वेदरफोर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगच्या बरोबर वाजवलेला माणूस. शांघायमार्गे हिंदुस्थानात आला आणि १९४५ साली कोलकात्यात पटकीने गेला. या लोकांना ऐकून, त्यांच्याशेजारी बसून, तबकड्या घासून घासून इथल्या मंडळींनी उरलेली विद्या उचलली. ज्याला वाचता येते त्याला ऐकलेले पटकन लिहून घेता येते आणि लिहिलेले पुन्हा पुन्हा तपासता येते, म्हणून शाळेचा पाया इथेही उपयोगी पडला. आता कुणी म्हणेल की शिकले तर हजारो, चिक चॉकलेट एकच का झाला? प्रतिभा नावाची गोष्ट आहेच आणि ती शाळा देत नाही. पण हजार मुलांना शिकवल्याशिवाय त्यांतला तो एक कोण हे कळायला दुसरा मार्ग नाही, आणि उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांतले चाळीस जण वायोलिनच्या रांगेत बसतात तेव्हाच वाद्यवृंद उभा राहतो.

या लोकांच्या नोकऱ्यांची कहाणीही रक्ताच्या गोष्टीत बसत नाही. पोर्तुगीज गोव्यात कारखाने नव्हते, नोकऱ्या नव्हत्या. माणसे मुंबईला येत आणि धोबी तलाव, माझगाव या भागांतल्या आपापल्या गावच्या कुडीत उतरत. कूड म्हणजे एक मोठी खोली: भिंतीला लागून ओळीने ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंका, एका टोकाला अल्तार, आणि रात्री जमिनीवर अंथरलेल्या चटया. जहाजावर जाणारा खलाशी, हॉटेलातला आचारी आणि वायोलिनवाला यांच्या ट्रंका शेजारी शेजारी असत. वादकाला मूकपटांच्या काळात चित्रपटगृहातल्या पडद्यापुढे वाजवण्याचे काम मिळे. १९३१ नंतर बोलपट आले आणि ते गेले. मग हॉटेले, क्लब, संस्थानिकांचे दरबारी बँड, उन्हाळ्यात मसुरी-नैनितालसारखी थंड हवेची ठिकाणे. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, संस्थाने गेली, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतल्या नाचघरांचा उरलासुरला आधारही काढून घेतला. जॅझवाले चित्रपटसंगीतात गेले ते आवड बदलली म्हणून नव्हे. पगाराचे दार तिकडे उघडे होते म्हणून. आणि ते उघडे होते कारण नेमकी त्याच काळात हिंदी चित्रपटाला मोठ्या वाद्यवृंदाची गरज लागली होती, आणि चाळीस-पन्नास वादकांना एकाच वेळी निरनिराळे सूर वाजवायला लावायचे तर ते कागदावर लिहावे लागतात.

इथे काम कसे चाले ते जवळून पाहण्यासारखे आहे. संगीतकार हार्मोनियमवर मुखडा ऐकवी, अंतरा ऐकवी. अरेंजर, म्हणजे वाद्यसंयोजक, समोर पाच रेघांचा कागद घेऊन बसे आणि चाल उतरवून घेई. मग त्याचे खरे काम सुरू होई: मुखडा आणि अंतरा यांच्यामधल्या जागेत काय वाजणार, गायिकेच्या आवाजाखाली चेलो कोणत्या सुरावर रेंगाळणार, दुसऱ्या ओळीनंतर बासरी उत्तर देणार की ट्रंपेट, हे तो ठरवी आणि प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढी. रेकॉर्डिंगच्या दिवशी गायक आणि पूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी वाजवत, कारण आवाज वेगवेगळे टिपून नंतर जोडण्याची सोय तेव्हा नव्हती. शेवटच्या रांगेतल्या एका वायोलिनचा गज घसरला तरी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. मोबदला शिफ्टवर. सबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वीस वर्षांहून अधिक काळ असे कागद लिहिले. आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्र यांच्या, गाण्यांतला जो झिंगवणारा पाश्चात्त्य रंग आपल्याला आठवतो त्यामागे सहायक म्हणून चिक चॉकलेट उभे होते. भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात. ही मराठी-गोमंतकी भागीदारी बरोबरीची होती. चाल चितळकरांची आणि वाजण्याची तऱ्हा हळदोण्याच्या शाळेतून ताजमार्गे आलेली.

या भागीदारीतल्या एकाचे नाव प्रत्येक आकाशवाणी निवेदकाला पाठ आहे आणि दुसऱ्याचे शोधावे लागते. रक्ताच्या वाक्याचा संबंध इथे येतो. जे रक्तात असते त्याला मेहनत पडत नाही, आणि ज्याला मेहनत पडत नाही त्याचे श्रेय द्यावे लागत नाही. माणूस नुसता फुंकतो आणि सूर निघतात, अशी काहीतरी समजूत मागे काम करत असते. फ्रँक फर्नांड हे मसुरीच्या हॉटेलात वाजवत असताना १९४६ साली त्यांनी तिथे गांधीजींना ऐकले आणि जॅझ भारतीय पद्धतीने वाजवता येईल का हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला, असे त्यांनीच पुढे सांगितले होते. पुढे त्यांनी १९६३ आणि १९६६ साली दोन कोंकणी चित्रपट काढले. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेला सिंफनी वाद्यवृंद उभा केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गायला बसवले. पुढे ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर माजोर्ड्यात राहिले. त्यांचे नाव घराघरात पोहोचले ते शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ साली एका विनोदी गाण्यात गुंफले म्हणून. ही विचार करणारी, बेत आखणारी माणसे होती. रक्त असले बेत आखत नाही.

कायद्यानेही हाच चष्मा घातलेला आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली वादक-गायकांना कलावंत म्हणून हक्क मिळाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते वाढवले. पण त्याच दुरुस्तीने एक परंतुक घातले: चित्रपटात ज्याचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि उद्योगाच्या रूढीप्रमाणे ज्याचा श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र उल्लेख होत नाही, तो कलावंत गणला जाणार नाही, आपल्या सादरीकरणाची विटंबना होऊ नये एवढा एक हक्क त्याला उरतो. वायोलिनच्या रांगेतल्या वादकाचे काम प्रासंगिक म्हणावे की नाही यावर वकील वाद घालतील. मला खुपते ते दुसरे: आजवर तुमचे नाव लिहिले नाही, हाच तुमचा हक्क नसल्याचा एक निकष ठरतो. संगीतकाराची व्याख्या करताना मात्र कायदा म्हणतो की चाल बांधणाऱ्याने ती स्वरलिपीत लिहिली असो वा नसो, संगीतकार तोच. न लिहिणाऱ्याला हे संरक्षण द्यायलाच हवे, आपली परंपरा मौखिक आहे. पण लिहिणाऱ्याचे काय? वाद्यसंयोजनाला कायदा मूळ कृतीचे रूपांतर समजतो, म्हणजे त्याचे स्वतंत्र अस्तित्व ओळखतो. ते करणाऱ्याचे नाव छापण्याची सक्ती मात्र कुठे नाही. परंतुकातली रूढीची अट काढून टाकणे आणि जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्त्यांवर, निदान जिथे कागदपत्रे उपलब्ध आहेत तिथे, वाद्यसंयोजक व वादकांची नावे घालणे या दोन गोष्टी करायला फारसा खर्च येत नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्रात रक्ताचे हे वाक्य गोवेकरांपुरते थांबत नाही. हलगी मातंगाने वाजवायची, संबळ गोंधळ्याने, देवळातली सनई गुरवाने. आणि वाजवणे त्यांच्या रक्तातच आहे असे म्हटले की ही वाटणी निसर्गाची होऊन जाते. वरातीपुढे घाम गाळणाऱ्या बँडवाल्याला आपण रक्ताचा मान देतो आणि जेवायला शेवटच्या पंगतीला बसवतो. जातीचे काम हे जन्मजात कौशल्य म्हणून सांगितले की त्याचा दर ठरवताना शिक्षणाचा, सरावाचा, वाद्याच्या दुरुस्तीचा हिशेब धरावा लागत नाही, आणि त्याच्या मुलाने हलगी सोडून चेलो शिकावा किंवा आपल्या मुलाने पुस्तक बाजूला ठेवून हलगी शिकावी असे कुणाच्या मनातही येत नाही. गोवेकराचे कौतुक आणि हलगीवाल्याची उपेक्षा एकाच समजुतीच्या दोन बाजू आहेत, हे मान्य करायला जड जाते, पण आहेत.

आणि गंमत अशी की संगीत शाळेत शिकवता येते हे देशाला पटवून देणारा माणूस आपलाच. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे मुंबईत शाखा काढली, अभ्यासक्रम केले, स्वरलिपी केली, वर्गात बसवून गाणे शिकवले. घराण्यांच्या उस्तादांनी नाके मुरडली असतील. पण मध्यमवर्गीय घरांतली मुले-मुली गाऊ लागली ती या माणसामुळे. दुर्दैवाने पलुस्करांची शाळा शुल्क भरणाऱ्यांच्या क्लासपुरती उरली आणि सरकारी शाळेच्या दारातच थबकली. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. पदाच्या नावातच अंशकालीन, मोबदल्याचे नाव मानधन. हळदोण्याचा मेस्त्री गावात राहत होता आणि पिढीच्या पिढी त्याच्या हाताखालून जात होती. आपला निदेशक पुढच्या वर्षी असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नसते. दुसरीकडे दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, आणि ते ज्यांच्या आईवडिलांना पाच-सहा वर्षे खासगी क्लासचे पैसे भरणे जमले त्यांच्याच पदरात पडतात. म्हणजे सरकार संगीत शिकवत नाही, शिकलेल्याला बक्षीस देते.

मी ज्या मराठी शाळेत शिकलो तिथे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक काचेचे कपाट होते. आत दोन बिगुल, तीन साइड ड्रम आणि एक मोठा ढोल. वर्षातून दोनदा, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी आठवडाभर, कपाट उघडे. पितळ ब्रासोने चकचकीत होई. उंची बघून मुले निवडली जात. बिगुलवर तीनच धून होत्या आणि त्या कुणी वाचून वाजवत नसे, आदल्या वर्षीच्या मुलाकडून ऐकून उचलायच्या. त्या कपाटाची किल्ली खेळाच्या सरांकडे असे, कारण शाळेत संगीताचे सर नव्हते. मला हवे होते ते ड्रमचे काम. उंचीत बसलो नाही.

यावर उपाय म्हणून राज्यातल्या प्रत्येक शाळेत वाद्यवृंद काढा, अशी घोषणा मी करणार नाही. तसे केले तर पुरवठादाराची चैन होईल आणि कपाटे तेवढी वाढतील. तालुक्याला एक शाळा, तिथे पूर्ण वेळ, पेन्शनीची हमी असलेला एक शिक्षक, आणि त्याच्या दहा किलोमीटरच्या परिघातल्या सर्व शाळांच्या मुलांना संध्याकाळी मोफत प्रवेश, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. वाद्य कोणते यावर भांडत बसू नये. वायोलिन, हार्मोनियम, सनई, हलगी, तबला, जे शिकवणारा तिथे मिळेल ते. फक्त शिक्षक नेमताना जात आणि पदवी यांच्याऐवजी तो शिकवतो कसा हे पाहावे, म्हणजे गावचा हलगीवालाही पगारी मास्तर होऊ शकेल. स्वरलेखन मात्र सक्तीचे हवे, भातखंडे पद्धतीचे असो वा पाच रेघांचे, कारण वाचता येणाऱ्या मुलांना बारा वेगवेगळी वाद्ये हाती घेऊन एकत्र वाजवता येते आणि न वाचणाऱ्यांना एकाच सुरात सगळ्यांबरोबर वाजवण्यावर समाधान मानावे लागते. आणि महिन्यातून एकदा वाजवायला खरी जागा हवी: ग्रामसभेच्या आधी अर्धा तास, आठवडी बाजारात, जत्रेत. मेस्त्रीची शाळा चालली ती सोल्फेजच्या कडक शिस्तीवर खरी, पण मुलगा टिकला तो रविवारी गावासमोर वाजवायचे आहे म्हणून.

गोव्यात पणजीला १९५२ साली अंतोनियो द फिगरेदो यांनी संगीत अकादमी काढली, जी आज कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे; म्हणजे चर्चच्या शाळा मागे पडू लागल्या तेव्हा तिथे निदान एका राजधानीत तरी सार्वजनिक पैशाची सोय उभी राहिली. आपल्याकडे तेही नको, इमारतही नको. शाळा सुटते साडेचार-पाचला, वर्ग रात्रीपर्यंत रिकामे असतात, बाकडी तिथेच असतात, फळाही असतो. पाच रेघा आखायला तेवढा पुरतो.